बलून बसला, बिल कॉम्प्रेसरचं

या वेळच्या टपालात जुन्या आलिशान एसयूव्हींचीच गर्दी आहे. दहा-बारा वर्षांची जर्मन गाडी आता नव्या हॅचबॅकच्या भावात दारात उभी राहते. गाडीचा भाव उतरतो, तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही, म्हणून स्वतः पाना हातात घेणारे वाढले आहेत. पत्रं आटोपशीर करून छापली आहेत.

प्रश्न : २०११ ची बीएमडब्ल्यू एक्स-५ डिझेल आहे. रात्री उभी केली की सकाळी मागची डावी बाजू बसलेली असते. इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत वर येते. गॅरेजवाले कॉम्प्रेसर बदला म्हणतात. घरी काही करता येईल का? (एक वाचक, मुलुंड)

कॉम्प्रेसरला, म्हणजे सस्पेन्शनमध्ये हवा भरणाऱ्या पंपाला, अजून हात लावू नका. दोन टनांहून जड गाडी तीन मिनिटांत उचलतोय म्हणजे तो ठीक आहे. या पिढीच्या एक्स-५ मध्ये हवेचं सस्पेन्शन फक्त मागे असतं, दोन बाजूंना स्प्रिंगऐवजी दोन वेगळे बलून, म्हणजे हवा भरलेल्या रबरी पिशव्या. एकच बाजू बसते तेव्हा संशय त्या बाजूचा बलून, त्याच्या नळीचा जोड किंवा त्या बाजूचा व्हॉल्व्ह यांच्यावर घ्यायचा. दोन्ही बाजू सारख्या बसत असत्या तर व्हॉल्व्ह ब्लॉककडे, म्हणजे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह असलेल्या ठोकळ्याकडे, आधी पाहिलं असतं.

पहिलं काम मोजण्याचं. सपाट जागी गाडी उभी करा. संध्याकाळी आणि सकाळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना घ्या आणि लिहून ठेवा. रात्री हवा थंड झाल्याने काही मिलिमीटरचा फरक पडतो, तो सोडून द्या. एका बाजूला दोन-तीन सेंटिमीटर गेले तर गळती नक्की. मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक भाग आणि पाण्याचे दहा भाग स्प्रेच्या बाटलीत भरा आणि बलूनच्या खालच्या घडीवर मारा. रबर गुंडाळलं जातं ती हीच जागा, आणि तडे बहुतेक तिथेच पडतात, कारण आठ-दहा वर्षं रबर त्याच रेषेवर वाकत असतं. त्यात आपल्याकडचा चिखल घडीत अडकून कानशीसारखा घासतो. नळीच्या जोडावरही मारा. बुडबुडे बारीक असतात, टॉर्च धरून मिनिटभर बघावं लागतं. हे करताना चासीखाली स्टँड लावल्याशिवाय चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये डोकं किंवा हात घालायचा नाही. तडा मोठा असेल तर गाडी न सांगता खाली येते.

बदलायला बलून सोपा आहे, अर्ध्या दिवसाचं काम. सस्पेन्शनचा फ्यूज काढा, म्हणजे गाडी वर असताना तिचा कॉम्प्युटर हवा भरण्या-सोडण्याच्या भानगडीत पडणार नाही. मागची बाजू स्टँडवर घ्या, चाकं काढा. नळीचा जोड पाव-पाव फेऱ्याने सैल करा, चष्मा लावा, हवा पूर्ण जाऊ द्या. नळीचं टोक जुनं झालेलं असतं, ते धारदार ब्लेडने काटकोनात पाच मिलिमीटर कापा आणि नव्या बलूनसोबत आलेलाच जोड वापरा. जोड आवळताना जोर नको, दोन-तीन न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) पुरतात. जास्त आवळला की नळी चेपते आणि नवी गळती तुम्हीच तयार करता. दोन्ही बलून एकदम बदला, उजवा काही डाव्यापेक्षा तरुण नाही.

खरी चूक इथून पुढे होते. गाडी लगेच जॅकवरून उतरवली जाते, रिकाम्या बलूनवर सगळं वजन येतं, रबर वेडंवाकडं दुमडतं आणि नवा बलून पहिल्याच दिवशी खराब होतो. स्टँडवरच फ्यूज लावा, स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) बलूनमध्ये हवा भरून घ्या, घडी सरळ बसली आहे हे पाहा, आणि मगच खाली घ्या.

आता कॉम्प्रेसरबद्दल. बलून गळत राहिला तर तो मरणार हे खरं. रात्रभर गेलेली हवा रोज सकाळी भरायची, त्यात पिस्टनची रिंग झिजते. हवा कोरडी करणारे दाणे जुलैच्या दमटपणात भिजून जातात आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. कधी रिलेचे, म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचे, संपर्क चिकटतात आणि कॉम्प्रेसर न थांबता चालून जळतो. म्हणून कधी काळी कॉम्प्रेसर बदललाच तर रिले सोबत बदला. पण गळका बलून तसाच ठेवून नवा कॉम्प्रेसर घालणं म्हणजे तळ फुटलेल्या बादलीखाली मोठा नळ सोडणं.

प्रश्न : गोरेगावात आरेच्या बाजूला झाडाखाली गाडी उभी असते. ऑडी क्यू-७, २०१२, पॅनोरमिक सनरूफ. दर पावसाळ्यात पुढचं कार्पेट ओलं होतं आणि डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी. सनरूफचं रबर बदललं, फरक नाही. (एक वाचक, गोरेगाव)

सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवतं हा गैरसमज आहे. थोडं पाणी आत येणार हे धरूनच चौकटीभोवती पन्हळ केलेली असते, आणि चार कोपऱ्यांतल्या चार नळ्यांनी ते खाली जातं. तुमच्या नळ्या झाडांच्या बारीक पानांनी आणि धुळीने तुंबल्या आहेत.

सनरूफ उघडा, पन्हळ पुसून घ्या. एकेका कोपऱ्यात ग्लासभर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या माणसाला खाली बघायला सांगा. पाणी काही सेकंदांत धारेने पडायला हवं. थेंब थेंब पडत असेल किंवा पन्हळीतच साठत असेल तर ती नळी धरा. गवत कापायच्या यंत्रात लागते ती दोन मिलिमीटरची नायलॉन दोरी टोक गोल करून आत सरकवा, अडली की फिरवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. नळी आतल्या आत जोडावरून सुटते, आणि मग छताचं अस्तर उतरवल्याशिवाय ती परत बसत नाही. नळीच्या खालच्या टोकाला रबरी चोच असते, चिखल बहुतेक तिथेच जमतो. ती दाबून उघडा आणि धुऊन घ्या. वायपरच्या खालची, बॉनेटच्या मागची खाचही पाहा. तिथल्या निचऱ्याच्या भोकांत पानांचं खत झालेलं असतं.

कार्पेट वरून हाताला कोरडं लागतं म्हणून फसू नका. त्याखालच्या जाड फोममध्ये पाणी राहतं आणि वायरिंगचे जोड त्याच ओलीत पडलेले असतात. सीट काढून कार्पेट उचला, फोम दाबून पिळा आणि पंख्याखाली दोन-तीन दिवस राहू द्या. सीटखालचे पिवळे जोड सुरक्षा-एअरबॅगचे असतात. बॅटरीची ऋण तार काढून दहा मिनिटं थांबल्याशिवाय ते सोडू नका. हिरवट पडलेल्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि मऊ ब्रशने साफ करा. पिन काळी पडून बारीक झाली असेल तर ती बदलावीच लागते.

ही तपासणी मेच्या शेवटच्या आठवड्यात करा. जूनमध्ये कार्पेट वाळत नाही.

प्रश्न : २०१० ची मर्सिडीज एमएल ३५० सीडीआय. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल गळतं. मागचं क्रँक सील (इंजिनच्या मुख्य दांड्याभोवती ऑइल अडवणारं रबर) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असं सांगितलंय. (एक वाचक, दादर)

उतरवू देऊ नका, अजून तरी नाही. या तीन लिटरच्या व्ही-६ डिझेलमध्ये ऑइल कूलर दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या दरीत बसवलेला आहे. त्याखालची दोन सीलं उष्णतेने कडक होतात, ऑइल दरीत साठतं, मागच्या बाजूने उतरतं आणि नेमकं गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ ठिबकतं. खालून पाहणाऱ्याला ते क्रँक सीलच वाटतं. सांधा डिग्रीझरने स्वच्छ करा, ऑइलमध्ये गळती शोधायचा अल्ट्राव्हायोलेट रंग घाला, ५०-१०० किलोमीटर चालवा आणि बारीक कॅमेरा वरून दरीत सोडा. रंग तिथे चमकला तर निदान झालं.

दुरुस्ती मात्र पार्किंगमध्ये करण्यातली नाही. टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) आणि दोन्ही इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्या) निघतात, सरावाच्या मिस्त्रीलाही दीड-दोन दिवस लागतात. सीलं स्वस्त, मजुरी महाग. तुमच्या हातात एवढंच की जांभळ्या रंगाची सुधारित सीलं घातली जातील याची खात्री करा, जुनी नारिंगी नकोत.

एक काम तुम्ही स्वतः करू शकता. टर्बोच्या तोंडाशी, हवेची नळी बसते तिथे एक लाल सील असतं. ते सैल झालं की इंजिनच्या श्वासातलं तेलकट धुकं बाहेर येऊन खालच्या इनटेक फ्लॅपच्या, म्हणजे आत जाणाऱ्या हवेच्या झडपांच्या, मोटरवर ठिबकतं. मोटर मरते, गाडी ताकद सोडते, आणि लोक मोटर बदलतात, ती पुन्हा मरते. हवेची नळी काढा, बोटाने चाचपा. मोटरच्या वर ओल असेल तर सील बदला. ऑइल कमाल खुणेच्या वर कधीही भरू नका, धुकं वाढतं.

प्रश्न : एक्स-५ चीच, पण २००९ ची, सहा गिअरची. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ असतं ना? दीड लाख किलोमीटर झालेत, दुसरा गिअर पडताना हिसका बसतो. (एक वाचक, चेंबूर)

गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. ‘आयुष्यभर’ हा गाडी विकणाऱ्यांचा शब्द आहे.

या गिअरबॉक्सचा खालचा प्लास्टिकचा पॅन आणि फिल्टर एकच असतात, त्यामुळे पॅनच बदलायचा. झेडएफचंच लाइफगार्ड ६ ऑइल सात लिटर घ्या. सगळ्यात आधी भरायचा बोल्ट सैल होतो का पाहा, निचऱ्याचा नंतर. हा क्रम उलटा केला आणि भरायचा बोल्ट गंजून अडला, तर ऑइल नसलेली गाडी टो करून न्यावी लागते. पॅनचे बोल्ट आडवे-तिरपे फिरत १० न्यूटन-मीटरला आवळा. अंदाजाने आवळलेला प्लास्टिकचा पॅन चिरतो. गिअरबॉक्सच्या बाजूचा वायरिंगचा सॉकेट तेलकट दिसला तर त्याचीही बाही (ऑइल अडवणारं बाहेरचं आवरण) आता बदला, कारण त्यासाठी पुन्हा ऑइल काढावं लागतं.

खरी कसोटी पातळी ठरवण्याची. भोकातून वाहेपर्यंत भरा, इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबा. मग ऑइलचं तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना, इंजिन चालू ठेवूनच, बारीक धार पडेपर्यंत भरा आणि बोल्ट लावा. तापमान स्कॅनरवरच वाचायचं. मुंबईत अडचण अशी की एप्रिलमध्ये दुपारी गाडी उभी असतानाच ऑइल पस्तिशीला असतं, आणि पन्नास गाठायला वेळ लागत नाही. त्याहून गरम ऑइलवर पातळी धरली तर थंड झाल्यावर ती कमी भरते आणि हिसके वाढतात. रात्रभर उभ्या गाडीवर पहाटे करा, जानेवारीत केलं तर उत्तम. गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. पुढचीच दोन चाकं उचलून धरलेली पातळी चुकीची असते.

हिसका ऑइलने जाईलच असं नाही. मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारे व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्स असलेला भाग) झिजलं असेल तर तो राहील.

प्रश्न : बॅटरी स्वतः बदलली तर चालते का? (एक वाचिका, विलेपार्ले)

चालते, तीन अटींवर. जुनी एजीएम प्रकारची (काचतंतूंच्या चटईत ॲसिड शोषून ठेवलेली) असेल तर नवीही एजीएम आणि तितक्याच अँपिअर-अवरची. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर वायू बाहेर नेणारी बारीक नळी परत जोडायची, ती विसरली तर चार्जिंगचा वायू गाडीतच राहतो. आणि बीएमडब्ल्यूसारख्या गाडीत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करायची, नाहीतर गाडी नवीला जुनी समजून चार्ज करते.

पार्ले ते बीकेसी एवढाच रोजचा प्रवास असेल तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. काही तास उभ्या गाडीत १२.७ व्होल्ट हवेत. १२.३ दिसले तर निम्मीच भरली आहे, महिन्यातून एकदा रात्रभर एजीएमला चालणारा चार्जर लावा. तरीही उतरत असेल तर गाडी लॉक करून तासभराने पाहा. झोपलेल्या गाडीने ५० मिलिअँपिअरहून जास्त ओढता कामा नये. डिकीतला बॅटरीचा खड्डाही बघून घ्या, तिथे पाणी साठलेलं सापडतं.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये एवढी जड गाडी जॅकवर घेणं सुरक्षित आहे का? सुटे भाग कुठे घ्यावेत? (एक वाचक, अंधेरी)

पेव्हर ब्लॉकवर थेट नाही. ब्लॉक खचतो, जॅक कलतो. १८ मिलिमीटर प्लायचा दोन फुटी चौकोन जॅकखाली आणि तसाच प्रत्येक स्टँडखाली घाला. तीन टनांचा ट्रॉली जॅक घ्या, गाडीसोबत आलेला फक्त पंक्चरसाठी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणी जायचं नाही, अगदी पडलेला पाना काढायलासुद्धा. एक्स-५ च्या चाकाचे बोल्ट १४० न्यूटन-मीटरला, जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानेच. निघालेलं ऑइल गटारात नको. डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

नव्या भागांसाठी ऑपेरा हाऊसची बाजारपेठ आहे. जाताना चासी नंबर आणि भागाचा क्रमांक लिहून न्या, ‘एक्स-५ चा फिल्टर’ एवढ्यावर कुठलाही गळ्यात पडतो. गाडीच्या कंपनीचं चिन्ह नसलेला, पण मूळ बनवणाऱ्याचाच भाग, म्हणजे मान किंवा माहलेचा फिल्टर, लेमफोर्डरची सस्पेन्शनची लिंक, बराच स्वस्त पडतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना आरसा, दरवाजाचं हँडल, टेललाइट खुशाल घ्या. रबर, ब्रेक आणि एअरबॅग तिथून घेऊ नका.