गुलमोहर मुलुंडचा की मादागास्करचा?

प्रश्न : ताई, माझ्या अकरावीतल्या मुलीने बेटांवरच्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त एकाच प्रदेशात मूळच्या असलेल्या, वनस्पतींवर प्रकल्प केलाय. त्यात पहिलाच गुलमोहर! आमच्या सोसायटीतच दोन आहेत, समोरच्या रस्त्यावर आणखी सहा. मग तो एका बेटाचा कसा? शिवाय जुन्या पुस्तकात त्याचं नाव पोइन्सियाना, नव्यात डेलोनिक्स. खरं कुठलं?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. प्रदेशनिष्ठ ठरवताना माणसाने लावलेली झाडं धरत नाहीत, मूळचं रान कुठलं ते बघतात. गुलमोहराचं रान एकच, मादागास्करच्या पश्चिम आणि उत्तर भागातली कोरडी, पानगळीची जंगलं. त्या बेटावर सुमारे साडेअकरा हजार देशी वनस्पती आहेत आणि त्यांतल्या ८२ टक्के जगात दुसरीकडे कुठेच मूळच्या नाहीत. तिथली जंगलं कोळशासाठी तुटतायत, आणि इकडे आपण त्याच झाडाच्या फांद्या पावसाळ्याआधी छाटायला माणसं बोलावतोय.

मुंबईत गुलमोहर १८४०च्या सुमारास शिवडीत पहिल्यांदा लागला, असं झाडांच्या पुस्तकांत वाचायला मिळतं. शिवडीला तेव्हा बाग होती. पुढे त्या जागी दफनभूमी झाली आणि बाग भायखळ्याला गेली, तीच आपली राणीची बाग. (भारत आणि मादागास्कर एके काळी जोडलेले होते, तेव्हाच हे झाड आलं असेल, असं मला दरवर्षी कोणीतरी ऐकवतं. ती ताटातूट जवळजवळ नऊ कोटी वर्षांपूर्वीची. हे झाड माणसाने आणलं.)

आता नाव. बोयर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाठवलेल्या माहितीवरून १८२९ मध्ये हूकर यांनी ‘पोइन्सियाना रेजिया’ हे नाव छापलं. फूल आपल्या शंकासुरासारखं दिसतं आणि शंकासूर तेव्हा पोइन्सियानाच होता, म्हणून याला त्याच घरात, म्हणजे जातींच्या त्याच गटात, घातलं. पण मे महिन्यात दोन्हींच्या कळ्या हातात घेऊन बघा. गुलमोहराच्या कळीचं हिरवं कवच पाच तुकड्यांचं, कडेला कडा भिडवून मिटलेलं, दाराच्या झडपांसारखं. शंकासुराचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. अशा फरकांमुळे गुलमोहराचं घर वेगळं झालं. राफिनेस्क यांनी १८३७ मध्ये त्याला डेलोनिक्स नाव दिलं. त्याचा ग्रीक अर्थ ‘स्पष्ट दिसणारं नख’. पाकळी खाली निमुळती होत लांब देठासारखी होते ना, तेच ते नख.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. लहानपणी आम्ही मुली त्याच कवचाचे, आतून लाल असलेले तुकडे सोलून बोटांवर चिकटवायचो आणि लांब लाल नखांच्या चेटकिणी व्हायचो. मुलगे पुंकेसरांची डोकी एकमेकांत अडकवून कोंबडे झुंजवायचे. एका फुलात दहा कोंबडे.

डेलोनिक्सच्या बहुतेक जाती मादागास्करच्याच आहेत. एक भाऊबंद मात्र आपल्याकडेही दिसतो, पांढरा गुलमोहर. तो पूर्व आफ्रिकेत आणि अरबस्तानातही आहे, त्यामुळे तो बेटाचा प्रदेशनिष्ठ नाही. मुलीने दोघांना शेजारी ठेवलं, तर प्रकल्पाला चांगली जोड मिळेल.

आणि वहीत ‘डेलोनिक्स रेजिया’च लिहायला सांगा. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला मी घरातल्या जुन्या पुस्तकावर विसंबून पोइन्सियाना लिहिलं होतं. दोन मार्क गेले.