बावीस अंशांत बर्फ? सांबऱ्यावरसुद्धा!

पाऊस सुरू झाला की एकच शंका वेगवेगळ्या पत्रांतून येते: बेळगावच्या सांबरा विमानतळावर विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या इंजिनाच्या भागात, बर्फ कुठला? म्हणून सगळी पत्रं एकदम घेतो.

प्रश्न (सांबरा, प्रशिक्षणार्थी): बाहेर २२ अंश असताना कार्ब्युरेटरमध्ये बर्फ कसा होईल? हिमालयात होत असेल.

हिमालय राहू दे. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तिचा दाब उतरतो, शिवाय पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते. दोन्ही मिळून तापमान वीस-तीस अंशांनी खाली येऊ शकतं. २२ मधून तेवढे वजा कर. जुलैत खानापूरकडून ढग चढतात तेव्हा तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं) जवळजवळ चिकटलेले असतात. हवेतलं तेच बाष्प थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाची हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, पात्यावर गोठतं.

प्रश्न (हिंदवाडी, प्रशिक्षणार्थी): कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा दांडा) ओढली की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) आणखी पडतात, इंजिन खोकतं. मित्र म्हणतो, लगेच आत ढकल.

मित्राचं ऐकू नकोस. गरम हवा विरळ असते, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि आरपीएम थोडे पडणारच. बर्फ असेल तर तो वितळून पाणी इंजिनात जातं, तेव्हा ते खोकतं. मग आरपीएम वर चढतात. खोकला ऐकून घाबरून दांडा आत ढकलणारे नेमके बर्फ सुटत असतानाच उपाय थांबवतात. त्याआधीचा घोळ वेगळाच: ज्याच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलत नाही अशा विमानात बर्फ साचताना आरपीएम हळूहळू घसरतात, हात नकळत थ्रॉटल पुढे सारतो आणि दुखणं झाकलं जातं. आणि तिसरं, उशीर! ही उष्णता एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातून येते. इंजिन बंद पडलं की एक्झॉस्ट गार होतो आणि दांडा ओढूनही फारसं काही येत नाही. थ्रॉटल मिटलं की फट अरुंद होते, म्हणून उतरताना धोका सर्वांत मोठा. अशा हवेत हीट थ्रॉटल कमी करण्याआधी ओढायची, आणि पूर्ण. कार्ब्युरेटरचा तापमापक नसताना अर्धवट ओढली तर कोरडे हिमकण वितळून पुन्हा गोठू शकतात. मात्र ही हवा सहसा फिल्टरमधून येत नाही, तेव्हा जमिनीवर तपासणीपुरतीच. तुझ्या विमानाची पुस्तिका काय सांगते ते इन्स्ट्रक्टरबरोबर बसून वाच.

प्रश्न (खडेबाजार): स्कूटरलाही होतो का?

कार्ब्युरेटर असेल तर होऊ शकतो. स्कूटर रस्त्याकडेला थांबवता येते.

प्रश्न (निपाणी): आमचं सेस्ना १७२ आहे. इंजेक्शनवालं असेल तर निश्चिंत ना?

नुसतं '१७२' सांगून भागत नाही. बहुतेक जुन्या मॉडेलांत कार्ब्युरेटर आहे, आर आणि एसमध्ये इंजेक्शन. इंजेक्शनला हा बर्फ नाही, पण हवेचा फिल्टर बर्फाने तुंबू शकतो. पर्यायी हवेची सोय कुठे आहे, इंजिनिअरकडून दाखवून घ्या.

प्रश्न (चिकोडी): टाकीत घालायचं 'बर्फनाशक' औषध ऑनलाइन मिळतं. घ्यावं का?

गोठणारं पाणी हवेतलं असतं, टाकीतलं नव्हे. इंजिन बनवणाऱ्याने लेखी मान्य केल्याशिवाय बाटलीला हात लावू नका. मान्य असली तरी कार्ब हीटची जागा ती घेत नाही.

प्रश्न (हुक्केरी, पालक): मुलीचं इंजिन हवेत थरथरलं; उतरल्यावर तपासलं तर काही सापडलं नाही. भ्रम म्हणायचा?

मुळीच नाही. बर्फ वितळतो, पुरावा उरत नाही. पण प्लग, मॅग्नेटो (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र), इंधनातलं पाणी यांनीही असंच होतं. बर्फावर ढकलून मोकळं होऊ नका. घटना त्याच दिवशी विमानाच्या नोंदवहीत लिहायला लावा आणि पुढच्या उड्डाणाआधी इंजिनिअरला दाखवा. जमिनीवर हीट ओढूनही आरपीएम पडले नाहीत, तर गरम हवा पोचतच नाही. मग उड्डाण नको. त्या वेळचं तापमान आणि दवबिंदू मुलीने टिपलेत का, तेही विचारा. इंजिनिअरला ते लागतील.