केबल बसली, पण नेटवर्क चालेना : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : कॉलेजच्या प्रदर्शनासाठी जुन्या को-ॲक्सिअल केबलचं नेटवर्क उभं करतोय. मूळ केबल खराब झाली होती, म्हणून केबल टीव्हीवाल्याकडून नवी आणली. दोन पीसी एकमेकांना दिसतात, तिसरा जोडला की सगळं अडखळतं. नेटवर्क कार्डं गेली असतील का? (लॅब असिस्टंट, सोलापूर)

कार्डांना हात लावण्याआधी केबलवर काय छापलंय ते वाचा. पातळ इथरनेटला, म्हणजे तुमच्या या जुन्या नेटवर्कला, आरजी-५८ केबल लागते, ती ५० ओहमची (धावत्या सिग्नलला केबलचा होणारा विरोध). टीव्हीची आरजी-५९ किंवा आरजी-६ असते ७५ ओहमची. तिच्या टोकाला ५० ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल शोषून घेणारी टोपी) लावला की तिथे पोचलेल्या सिग्नलचा पाचवा हिस्सा उलटा फिरतो. दोन पीसी आणि थोडी वायर असेल तर एवढं निभावून जातं. जोड वाढले की निभत नाही.

मग टर्मिनेटरही ७५चेच लावू, असं मनात येईल. तसं मुळीच करू नका. यातलं कार्ड केबलवर सरासरी ४१ मिलीअँपिअरच्या आसपास करंट ढकलतं. दोन्ही टोकांचे ५० ओहम समांतर येऊन २५ होतात, म्हणजे व्होल्टेज साधारण एक व्होल्ट. ते दीड व्होल्टच्या पुढे गेलं की कार्ड समजतं, दोघं एकदम बोलताहेत, कोलिजन झालं. ७५चे टर्मिनेटर लावले की लोड ३७.५ ओहमचा होतो आणि एकटं कार्ड बोलत असतानाच व्होल्टेज दीडला टेकतं. एक टर्मिनेटर गळून पडला तर ते दोन व्होल्टपर्यंत चढतं आणि कार्डाला स्वतःचाच सिग्नल कोलिजन वाटतो. पूर्वी एका टेबलामागचा टर्मिनेटर निघाला की अख्खं ऑफिस बंद पडायचं, त्याचं मोठं कारण हेच.

आता तपासणी. सगळे पीसी बंद करा, एक टी-कनेक्टर (केबल कार्डाला जोडणारा टी आकाराचा जोड) कार्डावरून काढा (दोन्ही बाजूंच्या केबल्स त्याला तशाच राहू द्या) आणि मधली पिन व बाहेरचं कवच यांच्यात मल्टिमीटर लावा. २५च्या आसपास आलं तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत. ५० आलं तर एका टोकाचा संपर्क तुटलाय. मात्र केबल ५०ची की ७५ची हे मल्टिमीटर सांगत नाही. चुकीच्या केबलवरही तो २५च दाखवेल, त्यामुळे छापील अक्षरांवरच विश्वास ठेवा. एक सलग तुकडा १८५ मीटरच्या आत, त्यावर जास्तीत जास्त ३० जोड, दोन जोडांत निदान अर्धा मीटर. टी थेट कार्डावरच बसवा, मध्ये वायरचं शेपूट नको.

प्रश्न : मी सूतगिरणीच्या हिशेब विभागातून निवृत्त झालो. नव्वदच्या दशकात आमच्याकडे नोव्हेलचा (नेटवेअर या नेटवर्क सॉफ्टवेअरचा) नवा सर्व्हर आला, पण जुन्या मशीनना तो दिसेना. केबल तीच, कार्डं तीच. इंजिनिअरनं एका फाइलमधली एक ओळ बदलली आणि सगळं सुरू झालं. त्यानं नेमकं काय केलं?

तुमच्या वर्णनावरून त्यानं नेट.सीएफजी या फाइलमधला फ्रेमचा, म्हणजे माहितीच्या पाकिटाच्या मांडणीचा, प्रकार बदलला असावा. पाकिटात घेणारा आणि पाठवणारा अशा दोन पत्त्यांनंतर दोन बाइट येतात. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी १९८० मध्ये आणलेल्या इथरनेटमध्ये तिथे प्रोटोकॉलचा (आतल्या मजकुराच्या भाषेचा) क्रमांक असे. १९८३ मध्ये मंजूर झालेल्या आयईईई या संस्थेच्या ८०२.३ या मानकात तिथे मजकुराची लांबी आली. दोन्ही एका वायरवर नांदू शकतात, कारण लांबी १५०० च्या वर जात नाही आणि क्रमांक १५३६ पासून सुरू होतात. नोव्हेलनं तिसरीच वाट धरली : लांबी लिहायची, पण तिच्यामागचं ८०२.२ चं शीर्षक (आत कोणता प्रोटोकॉल आहे ते सांगणारा भाग) गाळायचं. नेटवेअर ३.११ मध्ये हा प्रकार आपोआप ठरलेला होता, ३.१२ पासून ८०२.२ आला. तुमचा नवा सर्व्हर बहुधा नवा प्रकार बोलत होता आणि जुनी मशीन जुना. पाकिटं वायरवरून नीट पोचत होती, फक्त उघडणाऱ्याला कळत नव्हती.

सर्व्हरच्या एकाच कार्डावर दोन्ही प्रकार चढवता येत. बदलाच्या काळात मी तोच मार्ग योग्य मानतो. शेवटचं जुनं मशीन बदललं की जुना प्रकार काढून टाकावा.

प्रश्न : जुन्या पीसीला सुताचा वजनकाटा कॉम-२ या सिरियल पोर्टवर आहे. एनई-२००० जातीचं नेटवर्क कार्ड टाकल्यापासून काटा वाचला जात नाही.

दोघं आयआरक्यू ३ (प्रोसेसरचं लक्ष वेधायची एकच लाइन) मागताहेत. अशा बहुतेक कार्डांवर कारखान्यातून ३ च ठरवलेला येतो आणि कॉम-२ चाही तोच. जंपर (कार्डावरच्या पिनांवरची छोटी टोपी) किंवा सेटअप डिस्कनं कार्ड ५ वर न्या. साउंड कार्ड ५ वर असेल तर १० वर. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्येही तोच आकडा लिहा. काट्याला हात लावू नका.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) जुन्या कंट्रोलरला १० एमबीपीएसचं पोर्ट आहे. नव्या स्विचवर दिवा लागतो, पिंगही (जोडणी तपासणारा छोटा संदेश) जातं, पण डिझाइनची फाइल चढता चढता अडकते. विक्रेता म्हणतो, कंट्रोलरच बदला.

इतक्यात बदलू नका. कुणीतरी वेगासाठी म्हणून स्विचचं पोर्ट फुल डुप्लेक्सवर (दोन्ही बाजू एकाच वेळी बोलणार) पक्कं केलंय का, ते आधी पाहा. १९९० च्या १०बेस-टी काळातली यंत्रं बहुधा हाफ डुप्लेक्स असतात, म्हणजे एका वेळी एकच बाजू बोलणार. वेग आणि डुप्लेक्स आपापसांत ठरवायची सोय १९९५ मध्ये १०० एमबीपीएसच्या मानकासोबत आली. समोरचं यंत्र काहीच सांगत नसेल तर ऑटोवरचा स्विच सिग्नलवरून वेग ओळखतो आणि हाफ धरतो. तुमच्या कंट्रोलरला तेच हवं आहे. फुलवर पक्का केलेला स्विच मात्र कंट्रोलर बोलत असतानाही पाठवत राहतो. कंट्रोलर त्याला कोलिजन समजून पाकीट अर्धवट सोडतो आणि स्विचवर सीआरसीच्या चुका (पाकीट खराब आल्याची नोंद) वाढत जातात. पिंगची पाकिटं छोटी आणि विरळ, म्हणून ती निसटून जातात.

पोर्ट ऑटोवर किंवा १० हाफवर ठेवा, फाइल चढवा आणि सीआरसीचा आकडा पुन्हा पाहा. तो वाढायचा थांबला तर कंट्रोलर धडधाकट आहे. वाढतच राहिला तर पोर्टमधली सुताची धूळ साफ करा आणि प्लगची जुळणी तपासा : १ व २ क्रमांकाच्या तारा एका पिळातल्या, ३ व ६ दुसऱ्या पिळातल्या. ३-४ आणि ५-६ अशा जोड्या लावलेल्या असतील तर साधा टेस्टर आठही दिवे दाखवतो, पण लांबच्या केबलवर फाइल अडकतेच. ते प्लग कापून नव्याने क्रिंप करा.