ऑपरेशनचं बिल छोटं, बसून राहण्याचं मोठं

प्रश्न: मी फरशी बसवण्याची कामं घेतो, हाताखाली दोघं आहेत. महिन्यापूर्वी बॅडमिंटन खेळताना गुडघा मुरगळला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं एकमेकांना बांधून ठेवणारं एक लिगामेंट, पूर्ण तुटल्याचं निघालं. विमा वजा जाता ऑपरेशनला साधारण दोन महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे लागतील. आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला आहे, पण तो मोडायला मन होत नाही. पत्नीच्या पगारात निम्मं घर चालतं. कर्ज काढून पुढच्याच महिन्यात ऑपरेशन उरकून टाकू का?

उत्तर: कर्ज नको. अडचणीसाठी ठेवलेले पैसे अडचण आल्यावर वापरायचे नाहीत, तर कधी? शिवाय तुमची कमाई थांबेल नेमका तेव्हाच हप्ता सुरू होईल.

मला खटकला तो ‘उरकून’ हा शब्द. या ऑपरेशनमध्ये सहसा तुमच्याच पायातली एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) घेऊन तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवतात. ती तिथे रुजायला कित्येक महिने लागतात, आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने तर ती बसवली तेव्हापेक्षाही कमजोर असते. पंचाईत अशी की त्याच सुमारास सूज उतरून पाय बरा वाटू लागतो आणि माणूस कामावर धावतो. खुर्चीत बसून काम करणारा दोन-तीन आठवड्यांत परततो. तुमचं काम उकिडवं बसायचं, गुडघे टेकायचं, फरशीची खोकी उचलायचं. त्याला चार ते सहा महिने धरा. बॅडमिंटन नऊ महिन्यांच्या आत नाहीच.

आता हिशेब. ऑपरेशन दोन महिन्यांचा घरखर्च. फिजिओथेरपी, ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा), येणं-जाणं मिळून आणखी एक धरू. तुमच्या पत्रात याचा उल्लेखच नाही. पाच महिने तुमची कमाई शून्य मानली तर निम्म्या घराचा भार अडीच महिन्यांच्या खर्चाइतका. पुढचे दोन महिने अर्धंच काम, म्हणजे आणखी अर्धा. बेरीज सहा. आठातून दोन उरतात. जमतं, पण काठावर. हाताखालच्या दोघांना कामाविना मजुरी द्यावी लागली तर तेही उरणार नाहीत.

म्हणून मी आधी वेगळीच गोष्ट विचारेन: पुढच्याच महिन्यात का? स्वीडनमध्ये 121 तरुण, सक्रिय रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 59 जणांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन, अशा गटात ठेवलं होतं. दोन वर्षांत त्यांतल्या 23 जणांना एसीएलचं ऑपरेशन करावं लागलं, पाच वर्षांपर्यंत 30 जणांना. म्हणजे जवळपास निम्म्यांचं त्यावाचून भागलं. ते फरशी बसवणारे नव्हते, हे खरं. तरी तीन महिने नेटानं फिजिओथेरपी करून पाहण्याइतका हा आकडा वजनदार आहे. ते पैसे वायाही जात नाहीत, कारण सूज उतरलेला, पूर्ण सरळ होणारा आणि मांडी मजबूत असलेला गुडघा ऑपरेशननंतरही लवकर सावरतो.

मात्र गुडघा अडकत असेल, किंवा चालताना अचानक दगा देत असेल, तर माझं थांबा म्हणणं विसरा. प्रत्येक वेळी निसटताना आतल्या गादीला, मेनिस्कसला, इजा होऊ शकते. ती फाटल्याचं रिपोर्टमध्ये आहे का, हे सर्जनना आजच विचारा. हा निर्णय त्यांचा, माझा नाही.

त्यांना आणखी एक विचारा: कंडरा कुठून घेणार? गुडघ्याच्या वाटीखालून घेतली तर पुढे गुडघे टेकताना बऱ्याच जणांना दुखतं. क्रिकेटपटूला ते चालून जाईल. तुमची तर रोजीच गुडघ्यांवर आहे.

विमा कंपनीकडून लेखी घ्या: हॉस्पिटलबाहेरची फिजिओथेरपी आणि ब्रेस त्यात धरलेत का? बहुतेकदा माणूस इथेच फसतो.

या तीन महिन्यांत मोजमाप, अंदाजपत्रक आणि देखरेख तुमच्याकडे ठेवा, टेकणं-उचलणं त्या दोघांकडे. तुम्ही खाली न बसता काम निघतं का, हे आत्ताच कळेल. निघालं, तर वरच्या हिशेबातला अडीचाचा आकडा दीडवर येईल, आणि पुढे ऑपरेशन करावंच लागलं तरी हातात तीन महिन्यांचा घरखर्च राहील.