दोन्हीकडे नवरीच!

प्रश्न : भाऊ, चोपड्यात माझं फ्लेक्स आणि पत्रिकांचं छोटं दुकान आहे. पडक्या मातीच्या भिंतीसारखी खडबडीत अक्षरं गिऱ्हाइकांना आवडतात, पण दर लग्नाला तेच काम पहिल्यापासून करावं लागतं. कुणी सांगितलं म्हणून फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट (आतला मजकूर पुन्हा बदलता येतो असा लेयर) करून पाहिला. नवरदेवाच्या नावाची कॉपी काढून तिच्यात नवरीचं नाव टाकलं, तर दोन्हीकडे नवरीच! शिवाय 'ज्ञानेश्वर' लिहिलं की शेवटचा 'र' कापला जातो. काय चुकतंय? – एक वाचक, चोपडा

उत्तर : पत्र वाचून हसू आलं, कारण ऐन लग्नसराईत मीही हेच करून बसलो होतो. तुमची चूक निदान स्क्रीनवर तरी सापडली. माझा बॅनर छापून भुसावळहून मांडवात पोचला होता. नवरीच्या मामांचा फोन आला, "भाऊ, दोन्ही नवरदेवच का?" रात्रीतून दुसरा छापला, पदरच्या पैशाने.

कंट्रोल-जे दाबून काढलेली कॉपी नावालाच वेगळी; आतला मजकूर दोघींचा एकच. एकीत बदल केला की दुसरीत होणारच. लेयरवर राइट-क्लिक करून 'न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी' घ्या, म्हणजे खरी फारकत होते. मी तर टेम्प्लेटमध्ये वर आणि वधू हे दोन ऑब्जेक्ट पहिल्यापासून वेगळेच करून ठेवलेत.

'र' कापला जातो कारण ऑब्जेक्ट बनवताना अक्षरं जेवढी पसरली होती तेवढाच कागद आत मिळतो. आत जाऊन इमेज मेनूतलं 'रिव्हील ऑल' दाबा आणि सेव्ह करा. त्यापेक्षा सोपं म्हणजे सुरुवातीलाच मजकूर सेंटरला घेऊन लांबलचक नाव टाइप करायचं आणि मग त्याचं स्मार्ट ऑब्जेक्ट करायचं. माझ्या टेम्प्लेटमध्ये कायम 'पुरुषोत्तम' बसलेला असतो. त्याच्या जागेत रवी, सागर कुणीही मावतं.

आता भिंत. नेटवरचे टेक्श्चर घेऊ नका, आपल्याकडे धाब्याची घरं थोडी का आहेत? सकाळी साडेसात-आठला, ऊन तिरपं असताना मोबाइलवर फोटो काढा. भेगा आणि गिलाव्यातल्या काडीची सावली तेव्हाच उठते, दुपारी सगळं सपाट दिसतं. हा फोटो नावाच्या ऑब्जेक्टवर ठेवून ऑल्ट-कंट्रोल-जी दाबा. भिंत अक्षरांच्या आतच दिसेल. मग दोन्ही लेयर एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपला मास्क (काळं असेल तिथे लपवणारा पडदा) द्या. ऑल्ट धरून मास्कवर क्लिक करा, त्याच फोटोची काळी-पांढरी प्रत तिथे पेस्ट करा आणि लेव्हल्सने काळं-पांढरं ताणा. काळं असेल तिथे अक्षराचे पोपडे निघतात. यात मूळ अक्षराला कुठेच हात लागत नाही, त्यामुळे आतलं नाव कितीदाही बदला. 'रास्टराइज'ला मात्र हात लावू नका, त्याने अक्षरांचं साधं चित्र होऊन बसतं.

स्टाइल्समध्ये 'न्यू स्टाइल' सेव्ह करून भागेल असं वाटेल, पण त्यात सावली, कडा, बेव्हल (उठाव) असे इफेक्टच येतात. वर ठेवलेला फोटो येत नाही. तो हवा तर एडिट मेनूतून 'डिफाइन पॅटर्न' करून 'पॅटर्न ओव्हरले'ने द्यावा लागतो. मला त्यात मजा येत नाही, सगळी भिंत फरशीसारखी एकसारखी दिसते.

आणखी एक, हे इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगणार नाही. पोपडा नेमका अनुस्वारावर आला की 'चि. सौ. कां.'चं 'का.' होतं. बारीक शिरोरेषाही तुटते, म्हणून मुक्ता किंवा बलू या फॉन्टचं ठळक वजन घ्या. मास्क जागेवर राहतो आणि नावं बदलतात, म्हणजे भोक दर वेळी नव्या अक्षरावर पडणार. प्रत्येक नाव मोठं करून बघाच. टिंब गेलं असेल तर ग्रुप आणि मास्कमधली साखळी काढा, मास्क निवडा आणि मूव्ह टूलने थोडा सरकवा. फोटो अक्षरांपेक्षा ऐसपैस घेतलेला असला की सरकवायला जागा राहते, आणि भिंत दोन बोटं हलली की टिंब परत येतं.