माशाच्या रक्तावरून आजार ओळखण्याचे शिक्षण: एका पालकांच्या पत्राला उत्तर

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांचे पत्र आले आहे. त्यांच्या शेततळ्यात रोहू, कटला आणि तिलापिया आहेत. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आठवडाभरात निम्मे मासे अंगावर लाल चट्टे उठून मेले आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून खाद्यातून दिलेल्या अँटिबायोटिकचा काहीही उपयोग झाला नाही. तेव्हापासून बारावी विज्ञानात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने ध्यास घेतला आहे की, माशांच्या रक्तावरून जिवाणूंचा संसर्ग वेळीच ओळखण्याचे काम शिकायचे. असे शास्त्र खरोखर आहे का आणि त्यापेक्षा डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून मुलीने नाशिकमध्येच एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागणे बरे नाही का, असे वडिलांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

असे शास्त्र आहे, आणि आपल्या तळ्यात जे घडले त्यातच त्याची गरज दिसते. गोड्या पाण्यातील माशांवर लाल चट्टे आणणाऱ्या जिवाणूंपैकी एरोमोनास हायड्रोफिला हा तळ्यात एरवीही असतोच. पाण्यातला प्राणवायू घटला, दाटी झाली किंवा जाळे ओढताना माशांचे खवले निघाले की तो शरीरात शिरतो. चट्टे दिसेपर्यंत तो रक्तावाटे यकृत आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला असतो, आणि तोवर माशाची भूकही मेलेली असते. खाद्यात कालवलेले औषध अशा वेळी फक्त धडधाकट मासे खातात आणि ज्याला त्याची गरज आहे तो मासा तळ्याच्या कडेला सुस्त पडून राहतो. आपले औषध वाया गेले त्यामागे हे एक मोठे कारण असावे, असे मला वाटते.

रक्तात मात्र बदल त्याआधी सुरू होतो. पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल या जिवाणूंशी लढणाऱ्या पेशींचे प्रमाण वाढते, जिवाणूंची भित्तिका फोडणाऱ्या लायसोझाइम या विकराची पातळी बदलते, आणि यकृत सीरम अमायलॉइड ए सारखी प्रथिने रक्तात सोडू लागते. हे बदल मासा अजून खात असताना हाती लागले, तरच उपचाराला अर्थ उरतो. एक मर्यादाही मुलीने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी. शरीर कशाशी तरी झुंजते आहे एवढेच रक्त सांगते. शत्रूचे नाव सांगत नाही. त्यासाठी मूत्रपिंडातून नमुना घेऊन जिवाणू वाढवावे लागतात आणि कोणते औषध त्यांना लागू पडते ते तपासावे लागते. अंगावरचा प्रत्येक व्रण जिवाणूंचाच असतो असेही नाही. 1988 च्या सुमारास भारतात शिरलेल्या व्रणांच्या साथीच्या मुळाशी बुरशीसारखा जीव होता, आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. उगाच दिलेल्या औषधाचा अंश मांसात उतरतो तो वेगळाच. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या रेसिड्यूमुळे, म्हणजे उरलेल्या अंशामुळे, आपली द्राक्षे युरोपात अडकली होती, तेव्हा या मुद्द्याचे गांभीर्य आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

आता डीएमएलटीविषयी. तो चांगला अभ्यासक्रम आहे, पण माणसाच्या रक्ताचा आहे. माशाचे रक्त पसरलेली काचपट्टी मी प्रथम पाहिली ती माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणाऱ्या एका विद्यार्थिनीमुळे. लवंगाच्या तेलाने गुंगी आणलेला तिलापिया तिने ओल्या फडक्यात धरला, शेपटीकडच्या भागात खालच्या बाजूने सुई कण्यापर्यंत नेली, जेमतेम अर्धा मिलिलिटर रक्त ओढले आणि मासा लगेच स्वच्छ पाण्यात सोडला. थोड्याच वेळात त्याचे कल्ले पूर्ववत हलू लागले. काचेवरच्या तांबड्या पेशी लंबगोल होत्या आणि प्रत्येकीत केंद्रक होते. माणसाच्या तांबड्या पेशीत ते नसते. म्हणूनच पॅथॉलॉजी लॅबमधील स्वयंचलित यंत्र माशाच्या रक्तापुढे गोंधळते आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हाताने मोजाव्या लागतात. माशाच्या रक्त गोठवणाऱ्या पेशी तर लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींसारख्याच दिसतात. नवशिका त्यांची सरमिसळ करतो आणि सगळा हिशेब चुकतो. ही नजर सरावानेच तयार होते.

त्याहून अवघड आहे तो आकड्याचा अर्थ लावणे, आणि माझ्या मते या कामातले खरे कौशल्य तेच आहे. मासा नुसता जाळ्यात धरला तरी काही मिनिटांत त्याच्या रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक आणि पाठोपाठ साखर वाढते. ती वाढ आजाराची समजली तर निरोगी तळ्यावर औषध पडेल. शिवाय मासा शीतरक्ताचा असतो. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती खाली जातो हे आपण बागेत शेकोट्या पेटवून अनुभवले असेल. त्या थंडीत माशाची प्रतिकारशक्तीही मंदावते, म्हणून तोच आकडा जानेवारीत एक सांगतो आणि एप्रिलमध्ये दुसरे. त्या जातीच्या निरोगी माशाचे त्या तापमानातले आकडे आधी हाती असल्याशिवाय आजारी माशाचा आकडा वाचता येत नाही. आपल्या शेततळ्यांसाठी अशी नोंद करणारी माणसे हवी आहेत, आणि आपली मुलगी तसे काम करू शकेल असे तिच्या ध्यासावरून मला मनापासून वाटते.

तेव्हा माझा सल्ला मत्स्यविज्ञानाच्या चार वर्षांच्या पदवीचा, म्हणजे बीएफएस्सीचा आहे. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे, आणि नागपूर व उदगीर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. बारावीला जीवशास्त्र हवे. प्रवेश परीक्षेचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचावेत, कुणाच्या सांगण्यावर विसंबू नये. पदवीनंतर जलचर प्राण्यांच्या आरोग्य व्यवस्थापनात एमएफएस्सी ही पदव्युत्तर पदवी करावी. वर्सोव्यातील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था त्यासाठी उत्तम. प्रवेश मिळाला नाही तर नाशिकमध्येच सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी करता येईल, पण मग तळ्याचे आणि माशांचे ज्ञान तिला स्वतंत्रपणे मिळवावे लागेल.

नोकरीविषयी स्पष्ट लिहितो. केवळ माशांचे रक्त तपासण्याची नोकरी आज नाशिक जिल्ह्यात मिळेल, असे मी म्हणणार नाही. नॉर्वे आणि स्कॉटलंडमधील सॅल्मनच्या शेतीत अशा चाचण्या रुळत आहेत. आपल्या त्र्यंबकला उगम पावणारी गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, त्या भीमावरमच्या पट्ट्यात मत्स्यशेतकऱ्यांसाठी खासगी प्रयोगशाळा आहेत, पण तिथे मुख्य भर पाणी, जिवाणू थाळीत वाढवून पाहणे आणि पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, यांवर असतो. मुलीला आधी हीच कामे करावी लागतील. रक्ततपासणी हे तिचे वेगळेपण ठरेल. मत्स्यव्यवसाय खात्यातील पदे, खाद्य कंपन्या, मत्स्यबीज केंद्रे आणि संशोधन प्रकल्प हे मार्ग या पदवीला खुले आहेत. घराजवळच्या लॅबमधल्या नोकरीइतके हे निश्चित नाही. पहिली काही वर्षे जिल्ह्याबाहेर काढण्याची तयारी आपण दोघांनीही ठेवावी.

निकालाची वाट न पाहता तिला एक वही द्या. रोज सकाळी पाण्याचे तापमान, माशांनी खाद्य किती वेळात संपवले आणि किती मासे वर तोंड काढून श्वास घेत होते, एवढे तिने लिहावे. पुन्हा मासे सुस्त दिसले तर मेलेले मासे पिशवीत भरून कुठे नेऊ नका, कारण मेल्यावर काही तासांत पाण्यातलेच जिवाणू शरीरात माजतात आणि तपासणी फसते. आजारी पण जिवंत असे तीन-चार मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत घालून, मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून जवळच्या प्रयोगशाळेत न्यावेत. त्या दिवशी मुलीला सोबत घ्या, आणि तिची वहीही.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नाशिक