लेकरापुढे रडू आले तर?

"मॅडम, लेकरापुढं रडू आलं तर कसं करावं? घरचे म्हणतेत, आईच खचली तर पोरानं कुणाकडं बघावं?"

छत्रपती संभाजीनगरला उपचारांसाठी मूल घेऊन येणारे पालक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. बीड जिल्ह्यातील एका ऊसतोड कुटुंबातल्या आईने तो विचारला, तेव्हा तिच्या सहा वर्षांच्या मुलावर अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे, म्हणजे मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगाचे, उपचार सुरू होऊन दीड महिना झाला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ती दिवसभर कोरड्या डोळ्यांनी मुलाजवळ बसे आणि रात्री मोरीत नळ सोडून रडे. मुलाच्या तोंडात फोड आले, घास गिळवेना, तरी दोन दिवस तो बोलला नाही. मी कारण विचारले तेव्हा म्हणाला, "सांगितलं की आई नळ सोडती." किमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना अशा फोडांतून जंतुसंसर्ग रक्तात शिरू शकतो, म्हणून मुलाने दुखणे लपवणे मला तिच्या अश्रूंपेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे वाटले.

मुलाची परवानगी घेऊन मी त्याचे शब्द आईला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग आम्ही दोघींनी मिळून एक साधे वाक्य ठरवले: "मला काळजी वाटते म्हणून रडू येतं, तुझ्यामुळं नाही, तुला दुखलं की मला लगेच सांगायचं." पहिल्यांदा ते म्हणताना ती रडलीच, आणि त्यात मला काहीही वावगे दिसले नाही.

तिचा दुसरा सल नवऱ्याबद्दल होता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असल्याने तो एकटाच, अर्धा कोयता म्हणून (नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात), कारखान्यावर गेला होता, फोनवर "ताप आहे का?" एवढेच विचारून तो फोन ठेवून देई. मी त्याच्याशी बोलले, तेव्हा कळले की मुलाचा आवाज ऐकल्यावर त्याच्याने उसाला हात लागत नसे. त्याची माया कमी नव्हती, त्याला फक्त करण्याजोगे काही उरले नव्हते. म्हणून तापाची नोंद त्याच्याकडे सोपवली: ती संध्याकाळी आकडा सांगे, तो वहीत लिही, आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोचला तर अपरात्रीसुद्धा, सकाळची वाट न पाहता, रुग्णालय गाठायचे, हे त्याने स्वतःच्या हाताने पहिल्या पानावर लिहून ठेवले.

हे उपचार दोन वर्षांहून अधिक चालतात, आणि एवढा काळ एका माणसाने न झोपता काढणे शक्य नाही, हे पटल्यावर तिने शनिवारी बहिणीला बोलावणे मान्य केले. पहिल्या शनिवारी ती धर्मशाळेत सलग सात तास झोपली. उचल अजून फिटलेली नाही. पण मुलगा आता दुखले की सांगतो, आणि वडिलांच्या वहीत आकड्यापुढे त्या दिवशी त्याने किती भाकरी खाल्ली, हेही लिहिलेले असते.